‘व्हेज म्हणजे सेफ’ म्हणणाऱ्या साहेबांस

श्री. टूरवाले साहेब यांस,



हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, याचा राग मानू नये. खासगीत कळवून पाहिलं. ईमेलला ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ असं उत्तर आलं, व्हॉट्सॲपवर जोडलेले हात आले आणि फोन केला तेव्हा तुमच्या ऑफिसातल्या मुलीनं ‘साहेब युरोपच्या ग्रुपबरोबर आहेत’ असं सांगितलं. त्या ग्रुपातही एखादं पोर असेल, ज्याचा घसा एका काजूनं सुजतो. त्याच्या आईबापांच्या नजरेला पडावं म्हणून हा जाहीर खटाटोप.

आधी तुमचं कौतुक करते. सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत करून परत सिंगापूर, ही क्रूझ तुम्ही आम्हाला अवघ्या एका वाक्यावर विकलीत. मी म्हटलं होतं, मुलगी आठ वर्षांची आहे, तिला काजू, पिस्ता आणि शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि ती अंगावर पुरळ उठण्यावर भागत नाही, हॉस्पिटल गाठावं लागतं. तुम्ही टेबलावरची पेढ्यांची बशी माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, ‘ताई, टेन्शन घेऊच नका. आपलं सगळं व्हेज असतं. व्हेज म्हणजे सेफ.’ पेढ्यांवर पिस्त्याचे काप होते.

साहेब, तुम्हाला स्वयंपाकातलं काही कळत नाही असं मी म्हणणार नाही. तुमचा अर्धा धंदा ‘घरच्यासारखं जेवण’ या दोन शब्दांवर चालतो. तेव्हा मखनी, शाही, कोर्मा, मलई कोफ्ता यांचा रस्सा दाट कशानं होतो ते तुम्हाला ठाऊक असणारच. काजू वाटतात, नाहीतर मगज, आणि स्वस्तात भागवायचं तर शेंगदाणे. आपलं मराठी ताट तरी कुठं वेगळं आहे? कोशिंबिरीत दाण्याचं कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, आणि उपासाला तर आमटीच दाण्याची. कूट आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं असतं की ‘यात काय काय घातलंय?’ असं विचारलं तर करणाऱ्याच्या तोंडी ते येतच नाही. म्हणजे काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला अख्ख्या जहाजावर सगळ्यात धोक्याची जागा कुठली, तर तुम्ही ज्याचा फोटो माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापलात, ते भारतीय शाकाहारी काउंटर. साधा भात, उकडलेलं अंडं, नुसता मीठ-लिंबू लावून भाजलेला मासा यांना आमची लेक कमी घाबरते. आम्ही मासे खाणारी माणसं आहोत हेही मी तुम्हाला सांगितलं होतं. पण तुमच्या फॉर्मवर रकाने तीनच. व्हेज, नॉनव्हेज, जैन. तुम्ही तिच्या नावापुढे ‘व्हेज’वर टिक मारलीत. तिच्या भल्यासाठी.

(पिस्ता आणि काजू एकाच कुळातले. एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याची बहुधा असतेच. आंबाही त्याच कुळातला, पण तो बहुतेकांना चालतो. आमच्या लेकीला चालतो. नाहीतर महाराष्ट्रात राहणं कठीण होतं.)

आता तुमचं खरं कर्तृत्व सांगते, आणि इथं मी खोचकपणे बोलत नाही. आपल्या ग्रुपमध्ये जैन कुटुंबं होती. त्यांच्यासाठी तुम्ही समुद्रावर कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांचा वाराही न लागलेलं जेवण उभं केलंत. वेगळी भांडी, वेगळे डाव, वेगळा कोपरा, त्यावर पाटी आणि पाटीशेजारी तुमचा माणूस. एका आजोबांनी ‘हा चमचा तिकडचा तर नाही ना?’ असं विचारलं तेव्हा तुमच्या माणसानं वाद घातला नाही, तो चमचा उचलून नेला आणि दुसरा आणला. मला फार बरं वाटलं. असंच असायला हवं. त्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ठामपणे मागत राहून हा मान मिळवला आहे.

पण मग तिथंच उभी राहून मी हिशेब केला. एका पदार्थाचा दुसऱ्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही, डाव बदलायचे, तळणीचं तेल वेगळं ठेवायचं, वाढणाऱ्याला आधी समजावून सांगायचं. ॲलर्जीवाल्या मुलासाठी याहून वेगळं काय लागतं? हेच लागतं. तुम्हाला जमत नाही अशातला भाग नाही, बटाट्यासाठी तुम्ही ते करून दाखवलंत. माझ्या मुलीचं दुखणं एवढंच की तिच्या नियमामागे कुठला धर्म नाही, नुसता डॉक्टरचा कागद आहे. श्रद्धेला तुम्ही वचकून असता. वैद्यकशास्त्राला ‘ताई, तुम्ही फार विचार करता’ म्हणता.

भारतीय शाकाहारी काउंटरवर कोर्मा होता. वाढणाऱ्या पोराला मी विचारलं, यात काजू आहे का? तो अगदी मनापासून म्हणाला, ‘नही मॅडम, काजू बिलकुल नही है. सिर्फ पेस्ट है.’ कसली पेस्ट? ‘काजू की.’ त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की काजूची भीती बाळगणारी एक मुलगी बाराशे पायऱ्यांच्या या भुलभुलैयात ताटली घेऊन फिरते आहे. पायऱ्या मी मोजलेल्या नाहीत. पण सांगायचं काम तुमचं होतं.

आता तुमच्या वैद्यकीय सल्ल्यांकडे येते. ते फुकट होते, तेव्हा तक्रार कशाला, पण नोंद असावी.

पहिला सल्ला: ‘इंजेक्शनं चेक-इनच्या बॅगेत टाका, हातात ठेवलीत तर सिक्युरिटीवाले कटकट करतात.’ क्रूझला चढताना काय होतं ते तुम्ही आमच्याहून जास्त वेळा पाहिलेलं आहे. मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात. त्या केबिनच्या दारात येतात दुपार कलल्यावर, कधी संध्याकाळी. माणसं मात्र तास-दोन तासांत वर पोचतात आणि केबिन तयार नसते म्हणून सगळा लोंढा बफेकडे वळवला जातो. पोरं भुकेलेली, आईबाप दमलेले, कुठं काय ठेवलंय कुणाला माहीत नाही, एका भांड्यातला डाव दुसऱ्यात पडतो आहे. सबंध सहलीतला सगळ्यात धोक्याचा हा तास. नेमक्या त्या तासाला औषध जहाजाच्या पोटात, कुणाच्या तरी ट्रॉलीवर असावं, अशी तुमची योजना! मी ती पाळली नाही. कुप्या आणि सिरिंजा माझ्या खांद्याच्या पिशवीत होत्या, सोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र होतं आणि सिक्युरिटीवाल्यानं ते वाचून ‘ओके’ म्हटलं. कटकट झाली नाही.

कुप्या म्हणते, कारण मांडीवर टेकवून दाबायचं पेनासारखं तयार इंजेक्शन, जे अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या पोरांच्या दप्तरात असतं, ते आपल्याकडे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. बाहेरून मागवावं लागतं आणि ते महाग पडतं. म्हणून इथले आईबाप ॲड्रेनलिनची कुपी फोडून सिरिंजमध्ये भरायला शिकतात, मुलाच्या वजनावरून डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा पाठ करतात आणि देवाला सांगतात, ही वेळ आणू नकोस.

दुसरा सल्ला: ‘एक सेट्रिझिन जवळ ठेवा, काम होऊन जातं.’ होतं ना. खाज थांबते, गांध्या उतरतात. पण घसा आवळायला लागला, श्वास लागला, रक्तदाब कोसळला, तर ती गोळी नुसती पोटात पडून राहते. तिथं ॲड्रेनलिनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि लगेच. पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी मात्रा. म्हणून जवळ नेहमी दोन तरी हव्यात. आणि मूल हसायला लागलं तरी ते डॉक्टरच्या नजरेखाली ठेवायचं, कारण ओसरलेला झटका काही तासांनी परत येऊ शकतो. हे तुम्हाला माहीत असण्याची अपेक्षा नाही. माहीत नसताना गोळी सुचवू नये, एवढीच अपेक्षा होती.

तिसरा सल्ला तर सोन्याच्या मखरात बसवावा: ‘थोडं थोडं खायला घालत जा, सवय होईल. आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं!’ यात खऱ्याचा एक कण आहे, म्हणूनच तो जास्त घातक. लंडनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. ज्या तान्ह्यांना धोका जास्त आहे त्यांना वर्षाच्या आत शेंगदाणा खायला सुरुवात केली तर पुढे ॲलर्जी होण्याचं प्रमाण पुष्कळ कमी होतं, असं त्यात दिसलं. पण ते ॲलर्जी होऊ नये म्हणून, आणि तेही तपासणी करून. ज्याला ती झालेली आहे त्याला कणाकणानं सवय लावण्याचे उपचारही आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतात. क्रूझच्या अकराव्या मजल्यावर, चिक्की घेऊन, नव्हे.

चिक्कीवरून आठवलं. केबिनचं दार उघडलं तर पलंगावर चार पाहुणचाराच्या पिशव्या, प्रत्येकीवर तुमचं नाव आणि हसरा सूर्य. आत चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, काजूकतली. लेकीच्या पिशवीवर तर हौसेनं ‘बच्चे कंपनी स्पेशल’ अशी चिठ्ठी. हिच्यासाठी विष हेच आहे असं ज्या तीन गोष्टींबद्दल मी तुम्हाला लेखी कळवलं होतं, त्यांतल्या दोन तुम्ही रिबीन बांधून तिच्या उशीवर ठेवल्यात. लेकीनंच ती पिशवी दोन बोटांनी उचलून बाहेर ठेवली आणि साबणानं हात धुतले. नुसतं सॅनिटायझर चोळून शेंगदाण्याचा अंश जात नाही, साबण-पाणी लागतं, हे तिला पाठ आहे.

आमची सहल पार पडली ती तुमच्यामुळे नव्हे. जेवणघरातला हेड वेटर गोव्याचा निघाला, सासष्टीचा. गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर कामाला जातात, त्यांतलाच एक. आमचं मराठी ऐकून तो कोंकणीत म्हणाला, ‘बाय, बफेंत वचूं नाका.’ मग त्यानं जी व्यवस्था सांगितली ती ऐकून मला तुमचा खराखुरा राग आला, कारण ती सगळी आधीपासून होती. मोठ्या क्रूझ कंपन्या ॲलर्जीची माहिती काही आठवडे आधी, काही तर दोन-तीन महिने आधी लेखी मागतात. ती बुकिंगला जोडली जाते, केबिनच्या नोंदीत दिसते, वेटरच्या ऑर्डरीवर उमटते. बफेऐवजी बसून जेवायच्या हॉलमध्ये तेच टेबल आणि तोच वेटर रोज मागून घेता येतो. रात्रीचं जेवण झालं की हेड वेटर उद्याचा मेन्यू आणतो, मूल बोट ठेवतं, आणि तो पदार्थ वेगळ्या तव्यावर, वेगळ्या हातानं होतो. आमच्या केबिनच्या नोंदीत काय होतं ते त्यानं पाहून सांगितलं: ‘व्हेज’. पुढे काही नाही.

त्यानं पुढची जेवणं निस्तरली. लेकीनं रोज रात्री मेन्यूवर बोट ठेवलं, शेफ दोनदा स्वतः बाहेर आला. सोय होती, आणि ती मागायला एक ईमेल पुरला असता. तुम्ही तो पाठवला नाहीत, आणि पाठवला नाही हे सांगितलंही नाहीत.

जहाज निवडताना तुम्ही मला घसरगुंड्या दाखवल्यात, नाटकं दाखवलीत, ‘मुलांचं भाडं माफ’ दाखवलंत. एकदा तर उत्साहाच्या भरात लक्षद्वीपची क्रूझ सुचवलीत. ती बेटं कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटरवर आहेत. सुंदरच असणार. पण असं मूल घेऊन निघालेली आई निळं पाणी नंतर बघते. ती आधी विचारते, मोठं हॉस्पिटल किती तासांवर? सिंगापूर-पेनांग मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून, किनाऱ्याच्या सोबतीनं जातो, म्हणून मी तो घेतला. घसरगुंडीपायी नव्हे. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतो, ॲड्रेनलिन आणि ऑक्सिजनही असतो. पण तिथून पुढं न्यायची वेळ आली तर अंतर हाच प्रश्न उरतो, आणि बिल हा दुसरा.

बिलावरून विमा. ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात तुमच्या ऑफिसनं परस्पर ‘नाही’ लिहिलं, ‘उगाच प्रीमियम वाढतो’ म्हणून. उद्या दावा करायची पाळी आली असती तर विमा कंपनीनं तोच ‘नाही’ आम्हाला परत वाचून दाखवला असता.

किनाऱ्यावरच्या सहलींचं काय बोलावं? पेनांगला आणि सिंगापुरात साते म्हणजे शेंगदाण्याची चटणी आलीच, रोजकमध्ये दाण्यांचा चुरा, फुकेतला नूडल्सवर दाणे. तिथं ‘खास स्थानिक चवींचा अनुभव’ असं तुम्ही छापलं होतं. आम्ही घरून नेलेले ठेपले खाल्ले. मुलांच्या क्लबात लेकीला सोडताना, इथं खायला काय देता आणि वेळ आली तर इंजेक्शन कोण देणार, हे मी विचारून घेतलं. ते विचारायला हवं हेही तुमच्या सूचनापत्रात नव्हतं. त्यात पोहण्याच्या टोपीबद्दल मात्र अख्खा परिच्छेद होता.

तुम्ही म्हणाल, कायदा कुठं आम्हाला सांगतो? अगदी बरोबर. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे लेबलांचे २०२० चे नियम पाकिटबंद मालावर शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन वगैरे ठळक लिहायला लावतात, आणि दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनाही ॲलर्जीची माहिती द्यायला सांगतात. युरोपात डिसेंबर २०१४ पासून चौदा गोष्टींची यादी आहे आणि ती हॉटेलच्या ताटालाही लागू होते. अमेरिकेनं १ जानेवारी २०२३ पासून आपल्या यादीत तीळही घेतला. आणि बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांवर झेंडा असतो बहामाचा, पनामाचा, माल्टाचा नाहीतर बर्म्युडाचा. भर समुद्रात कायदा त्या झेंड्याचा. ठाण्यातल्या आईनं पेस्टची तक्रार घेऊन बहामातल्या नासाऊला जावं, अशी ही सोय. म्हणूनच जहाजावर चढण्याआधी जे कागदावर येतं तेवढंच कामाचं. तो कागद तुमच्या टेबलावर होता, साहेब, पेढ्यांच्या बशीखाली.

ज्यांनी अजून बुकिंग केलेलं नाही त्यांना माझं सांगणं: एजंटावर विसंबू नका. क्रूझ कंपनीच्या विशेष गरजांच्या विभागाला स्वतः लिहा, बुकिंगचा नंबर घाला, लेखी उत्तर मागा आणि ते छापून जवळ ठेवा. चढल्याबरोबर, बफेकडे बघण्याआधी, जेवणघराच्या मुख्य माणसाला गाठा. आणि औषध खांद्यावर.

तुमच्याकडे मी पैसे परत मागत नाही. माफीही नको, जोडलेले हात पुष्कळ झाले. तुमच्या फॉर्मवर व्हेज, नॉनव्हेज, जैन यांच्यापुढे एक चौथा रकाना छापा: ‘ॲलर्जी. कशाची, आणि झाली तर काय होतं’. तो भरून आला की जहाजाला कळवा आणि जहाजाचं उत्तर जसंच्या तसं गिऱ्हाइकाच्या हातात द्या. छपाईचा खर्च जड जात असेल तर पाहुणचाराच्या पिशवीतली काजूकतली बंद करा, त्यात भागेल.

कळावे.

आपली,
एक माजी ग्राहक, ठाणे